तोड्यांचा टंच

सोन्याची अंगठी घेताना आपण हॉलमार्क पाहतो, भिंगातून आकडे वाचतो, पावतीवर कॅरेट लिहून घेतो. चांदीच्या बाबतीत मात्र ‘जुनी चांदी आहे, चोखच असणार’ एवढ्यावर आपले समाधान होते. पेटीच्या तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आजीची चांदी वर्षातून एकदा बाहेर येते, घासली जाते आणि पुन्हा पेटीत जाते. तिचे वजन घरातल्या सर्वांना तोंडपाठ असते. तिचा टंच कोणालाच ठाऊक नसतो.

टंच हा सराफी पेढीवरचा शब्द. शंभर भागांत चोख चांदी किती भाग, हे तो सांगतो. उरलेले ते हीण. कस, कसोटी, हीणकस, बावनकशी हे शब्द आपण माणसांच्या स्वभावालाही लावतो. पण ते मुळात धातूचे शब्द आहेत. धातूच्या बाबतीत ‘हीण’ हा दोषारोपही नव्हे. निव्वळ चोख चांदी इतकी मऊ असते की तिचे पैंजण चार महिन्यांत वाकतील. तिला ताठपणा यावा म्हणून तांबे मिसळावेच लागते. शिवाय कड्या जोडायला झाळ लागते, आणि झाळ लवकर वितळावी म्हणून तिच्यात तांबे व जस्त असते. साखळीत जितक्या कड्या अधिक, तितकी झाळ अधिक आणि टंच तितका खाली. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील पैंजणांचा व्यवहार टंचाच्या भाषेतच चालतो आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. प्रश्न हीण किती, हा नसतो. ते सांगितले आहे की नाही, हा असतो.

भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठी हॉलमार्क 2005 साली सुरू केला. त्यातली सर्वांत खालची पायरी 800 ची, म्हणजे हजारात आठशे भाग चांदीची. त्याखालच्या जिनसेला मुद्राच मिळत नाही. सोन्याचा हॉलमार्क जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीचा ऐच्छिक राहिला. आपल्या पेट्यांतली बहुतेक चांदी तर या सगळ्याच्या आधीची. तिच्यावर घडवणाऱ्याचे एखादे अक्षर असले तर असते.

आता अड्याळची हकीकत सांगतो.

अड्याळ हे आमचे मूळ गाव. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पवनी तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेले. बँकेतील 35 वर्षांच्या नोकरीत विदर्भातल्या निरनिराळ्या शाखांतून फिरून मी निवृत्तीनंतर येथे परतलो. गावात एखादा माणूस बँकेतून निवृत्त होऊन आला की लोक त्याला विनावेतन हिशेबनीस नेमतात. सोसायटीचा ताळेबंद, कोणाचे प्राप्तिकराचे विवरण, कोणाच्या वाटणीचा कागद. मला त्याचा कंटाळा नाही, एम.कॉम. करून शिकलेले शेवटी उपयोगी पडते ते येथेच.

माझ्या धाकट्या काकू वारल्या. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. काका आधीच गेलेले. घर, दुकानाची जागा आणि थोडी धानाची शेती, यांचे तीन सारखे वाटे करायचे, यावर तिघांचे एकमत होते. आपल्याकडे हे अजूनही सर्वत्र घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. बहीण नागपूरला दिलेली. तिला शेती नको होती, घरात खोलीही नको होती. ती म्हणाली, “आईची चांदी मला द्या. तिची किंमत माझ्या वाट्यातून वजा करा आणि उरलेले पैसे सवडीने द्या.”

याहून सरळ गोष्ट कोणती? थोरल्याने चांदी बाजारात नेली, सराफाने कसोटीवर रेघ ओढून ‘बाणवं टंच’ सांगितला, आणि त्या हिशेबाने कागद तयार झाला. तो सही करण्यापूर्वी नजरेखालून घालावा म्हणून माझ्याकडे आला.

कागदात वजने अशी होती: सरी एक, 210 ग्रॅम, पायांतले तोडे जोड एक, 490 ग्रॅम, साखळ्या, 280 ग्रॅम, आणि राणीछाप-राजाछाप म्हणून ठेवलेले 31 रुपये. सर्वांना एकच टंच लावलेला, 92.

बँकेत तारणाचा कागद तपासताना एक सवय लागते. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी घडलेल्या वस्तूंना एकच आकडा लागला की पेन थांबते. मी प्रथम रुपये मागवून घेतले, कारण नाण्यावर साल असते आणि सालाशी वाद घालता येत नाही. ब्रिटिश अमलातला जुना रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे 91.67 टंच. असे वीस निघाले. उरलेले अकरा 1940 नंतरचे, सहाव्या जॉर्जचे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा सरकारने रुपयात चांदी निम्म्यावर आणली: 50 भाग चांदी, 40 तांबे, 5 निकेल, 5 जस्त. 1947 साली तर रुपया निव्वळ निकेलचा झाला, मागे वाघ असलेला. जुन्या रुपयात 10.69 ग्रॅम चोख चांदी, युद्धकाळातल्या रुपयात 5.83. दिसायला मात्र पेटीच्या अंधारात दोघे सख्खे भाऊ.

मी थोरल्याला एवढेच दाखवले. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, “दादा, नाण्यांचे समजले. पण तुम्ही आता आईच्या दागिन्यांतही हीण काढणार का?”

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते. तो लोभी माणूस नाही. चांदीचा टंच जितका वर लागेल तितके बहिणीला रोख कमी द्यावे लागेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्याचे दुखणे निराळे होते. आईने हयातभर अंगावर मिरवलेल्या वस्तूला कोणी कमी म्हणावे, हेच त्याला नको होते. धाकटा गप्प बसला. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “राहू द्या ना दादा, बाणवंच धरा. भावांशी पैशावरून नको.” म्हणजे जिचे नुकसान व्हायचे तीच ते सोसायला तयार. असे तडजोडीचे कागद मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांवरची शाई वाळते. मनातली वाळत नाही. मी सांगितले, आकडा बरोबर काढू, मग ज्याला जे सोडायचे ते त्याने जाणून सोडावे.

थोरल्याने मग नागपुरास इतवारीत एका पेढीवर यंत्राने तपासणी करून आणली. दागिना यंत्रात ठेवायचा, क्ष-किरण पडतात, मिनिटभरात पडद्यावर आकडा. तोड्यांचा आकडा आला 88. कसोटी म्हणते 92, यंत्र म्हणते 88. थोरल्याला ते पुरेसे वाटले. मला दोन निरनिराळी उत्तरे म्हणजे एकही उत्तर नाही असे वाटले.

भंडाऱ्यात माझे एक स्नेही आहेत. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे ‘सर’च म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी दोन्ही आकडे ऐकले आणि विचारले, “तोडे घरी कशाने घासत?” धाकटा म्हणाला, “चिंचेने. आई दर दिवाळीला घासायची.” सर हसले. चिंचेतले आम्ल वरच्या थरातले काळवंडलेले तांबे विरघळवते, चांदीला मात्र हात लावत नाही. सोनार उजाळा देताना तापवून तेजाबात बुडवतो, तेव्हाही हेच होते. पन्नास वर्षे असे चालले की दागिन्याची त्वचा चोख होत जाते आणि आतले मांस होते तसेच राहते. कसोटीवर घासली जाते ती त्वचा. यंत्राचे किरणही धातूत केसाच्या जाडीएवढेसुद्धा धडपणे शिरत नाहीत. आतले पाहायचे तर थोडी चांदी विरघळवावी लागेल आणि द्रावणात मोजावी लागेल. त्याला अनुमापन म्हणतात.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही विद्या परकी नाही हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. दिल्लीच्या सुलतानी टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचे एक जैन श्रावक अधिकारी होते. अलाउद्दीन खिलजीच्या काळी मिळवलेल्या अनुभवावर त्यांनी 1318 साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत सोने किती, चांदी किती, तांबे किती, याचा तो गाथांतून मांडलेला हिशेबच आहे. अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्यामुळे फेरूंचे ग्रंथ विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आले. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी नाण्यावरचा राजाचा छाप बाजूला ठेवून आतल्या धातूची नोंद करणारा हा माणूस मला आमच्या लेखापरीक्षकांचा पूर्वज वाटतो.

त्या काळापासून चांदीची खरी पारख आगीने होत असे. चांदी शिशाबरोबर राखेच्या सच्छिद्र वाटीत तापवायची. शिसे आणि हीण वाटीत जिरते, चोख चांदीचा मणी वर राहतो, त्याचे वजन करायचे. पण थोडी चांदीही वाटीत जिरून जाते आणि आकडा किंचित कमी येतो. टांकसाळीत हजारात चार-पाच भागांची चूकसुद्धा मोठी असते. फ्रान्सच्या टांकसाळीसाठी गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाने 1832 साली आगीऐवजी पाण्याची रीत प्रसिद्ध केली. चांदी आम्लात विरघळवायची आणि मोजून मिठाचे पाणी घालत जायचे. किती मीठ लागले त्यावरून चांदी किती ते कळते. 1874 साली जर्मनीच्या याकोब फोलहार्ड याने मिठाच्या जागी थायोसायनेट घेऊन शेवट रंगाने ओळखण्याची युक्ती काढली. सरांनी आमच्यासाठी वापरली ती फोलहार्डची.

नमुना कसा घ्यायचा, यावर मात्र बराच वेळ गेला, आणि जावा हे योग्यच होते. आकड्याची अर्धी किंमत नमुन्यात असते. साखळीची एक कडी आधीच तुटलेली होती. ती झाळीसकट घेतली. सरीच्या आकड्याला आतल्या बाजूने कानस लावली. तोड्यांना हात लावण्यापूर्वी बहिणीची परवानगी घेतली. ती म्हणाली, “आतून घ्या, दिसणार नाही असे.” सोनाराने जाड भागी आतून बारीक भोक पाडले. वरचा पहिला कीस सरांनी टाकून दिला, कारण ती त्वचा. आतला कीस घेतला. आणि तुलनेसाठी पंचम जॉर्जचा एक रुपया, ज्याला कोणी हारात ओवण्यासाठी कडी झाळली होती आणि ती ओढून नाण्याची कड आधीच फाटली होती. त्याची फाटकी कड, कडीपासून दूरची, कापून घेतली. या रुपयाचा टंच आम्हांला ठाऊक होता. रीत खरी की खोटी हे तो सांगणार होता.

एका शनिवारी दुपारी सरांच्या एका माजी विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत आम्ही जमलो. बहीण नागपुराहून आली. प्रत्येक नमुन्याचे 500 मिलिग्रॅम तोलून चार काचेच्या चंबूंत टाकले. त्यावर पाणी घातलेले नत्राम्ल, सोनारांच्या भाषेत शोऱ्याचे तेजाब. धातू फसफसू लागला, तांबूस धूर निघाला, आणि सरांनी चंबू मंद आचेवर ठेवून धूर पूर्ण जाईपर्यंत उकळले. हा धूर उरला तर पुढच्या रंगात घोटाळा होतो. पाणी ऊर्ध्वपातित घ्यायचे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यांनी चांदी आधीच पांढरी होऊन खाली बसते. सरांनी गंमत म्हणून एका परीक्षानळीत थोड्या द्रावणावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून दाखवला. निवळ पाणी क्षणात दुधासारखे झाले.

द्रावणे निवली तेव्हा चारी चंबू टेबलावर एका ओळीत होते आणि कोणी काही बोलण्याची गरज उरली नव्हती. चांदीचे द्रावण बिनरंगी असते, तांब्याचे निळे. सरीचा चंबू जवळजवळ पाण्यासारखा. रुपयाचा किंचित आकाशी. साखळीचा त्याहून गडद. आणि तोड्यांचा चंबू मोरपिसासारखा निळा. थोरला तो चंबू हातात घेऊन बराच वेळ खिडकीकडे धरून उभा राहिला.

पुढचे काम माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला सर्वांत जवळचे वाटले. सरांनी चंबूत फेरिक अलम, म्हणजे लोखंडाची तुरटी, घातली. वर उभ्या ब्युरेटमध्ये अमोनियम थायोसायनेटचे द्रावण, आधी चोख चांदीशी ताडून पाहिलेले. त्याच्या दर मिलिलिटरला 10.787 मिलिग्रॅम चांदी, हा ठरलेला दर. तोटी उघडली की थेंब पडतो, चांदीशी मिळून पांढरा साका होतो आणि खाली बसतो. चंबू सतत हलवायचा. जोवर चांदी शिल्लक आहे तोवर थायोसायनेट लोखंडाकडे वळूनही पाहत नाही. चांदी संपली की पुढचा पहिलाच थेंब लोखंडाला भेटतो आणि पाणी तांबडे होते. आमच्या जुन्या खतावण्यांत खात्यावर रक्कम असेपर्यंत नावे टाकलेले आकडे काळ्या शाईने लिहीत. शिल्लक संपून खाते उणे झाले की तो आकडा लाल शाईने. सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अगदी तेच. येथे कारकून मात्र लोखंड आहे.”

पहिला रुपया. 42.4 मिलिलिटरला तांबडी झाक आली आणि हलवूनही गेली नाही. गुणाकार मी केला: 457.4 मिलिग्रॅम, म्हणजे 91.5 टंच. सरकारचा आकडा 91.67. एवढा जुना झिजलेला रुपया अजून आपला शब्द पाळून होता. रीत खरी ठरली.

सरीला 44.6 मिलिलिटर लागले, 96.2 टंच. ही सरी काकूंच्या आजीची, असे घरात सांगत. साखळीला 36.2, टंच 78.1. इथवर थोरला आकडे स्वतः लिहून घेत होता. तोड्यांच्या वेळी निळ्या पाण्यात तांबडे चटकन दिसेना, म्हणून सरांनी पाणी वाढवले आणि मागे पांढरा कागद धरला. 29.9 ला रंग फिरला. 64.5 टंच. सरांनी राखून ठेवलेला दुसरा नमुना घेतला: 29.8, म्हणजे 64.3. दोन उत्तरे जुळली.

कसोटीने 92 सांगितले होते, यंत्राने 88, आणि तोड्यांच्या पोटात होते जेमतेम साडेचौसष्ट. कसोटी खोटे बोलली असे मी म्हणणार नाही, सराफही लबाड नव्हता. त्यांना विचारले होते तेवढे त्यांनी सांगितले, ते त्वचेचे होते.

परतताना गाडीत थोरला एवढेच म्हणाला, “बाबांना फसवले कोणीतरी.” त्याच्या मनात कोणत्या सराफाचे नाव होते ते आम्हां सर्वांना कळले. तो सराफ आज हयात नाही. त्याचे नातू आहेत, आणि गाव लहान आहे. अशी एक शंका तीन पिढ्यांचा व्यवहार बिघडवू शकते. मी विचारले, तोडे कोणत्या साली केले? कोणालाच नक्की माहीत नव्हते. धाकटा जन्मायच्या आधी, एवढेच. मी म्हटले, काकांच्या वह्या असतील.

होत्या. माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या, दोरी गुंडाळलेल्या. काकांचे किराण्याचे दुकान, आणि त्यांचे अक्षर मोत्यासारखे. घरखर्चाचे पान वेगळे. तीन संध्याकाळी आम्ही दोघे-तिघे बसलो. तिसऱ्या दिवशी 1967 च्या दिवाळीनंतर सुरू केलेल्या वहीत नोंद सापडली. तोडे जोड 1, वजन तोळे 42, टंच 65. खाली रक्कम, आणि ती दोन हप्त्यांत दिल्याची खूण.

42 तोळे म्हणजे 490 ग्रॅम, अगदी आजच्या तराजूइतके. टंच 65, आणि सरांच्या ब्युरेटने सांगितलेला साडेचौसष्ट. अर्ध्याचा फरक झाळीचा असेल किंवा त्या वेळच्या तोलाचा. सराफाने लिहून दिले होते. काकांनी जाणून घेतले होते. आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, हलकी वस्तू भारी म्हणून खपवणे. टंच सांगून, त्याच टंचाचे दाम घेऊन दिलेली हीणकस चांदी त्या अतिचारात बसत नाही. त्या सराफाचे नाव मनातल्या मनात तरी आम्ही घेतले होते, ते त्या पानाशी पुसले गेले.

वहीतली आजूबाजूची पाने मी वाचली. हिशेबनीसाला ते टाळता येत नाही. धानाचे दोन हंगाम हातचे गेले होते. उधारी फुगलेली, मालाचे देणे थकलेले. त्याच वर्षी घरात काकांच्या बहिणीचे लग्न होते. लग्नघरात थोरली सून मोकळ्या पायांनी वावरू नये, तोडे भरीव दिसावेत, आणि खिशात तर तेवढे नाही. 42 तोळे वजन ठेवून टंच खाली उतरवला, म्हणजे किंमत बेताची झाली. हा माझा तर्क. वहीत कारण लिहिलेले नसते.

थोरल्याने पान पुन्हा पुन्हा वाचले. “आईला माहीत असेल?” त्याने विचारले. मी काही बोलण्याआधी बहीण म्हणाली, “माहीत होते. आई बाकी सगळे दागिने उजळायला सोनाराकडे देत असे. तोडे कधी दिले नाहीत. म्हणायची, माझे मी घासते. मला वाटे, तिला ते फार आवडतात म्हणून.” मग जरा थांबून म्हणाली, “आवडतही असतील.”

आकड्यांचे राहिले. 92 टंच धरून तयार झालेल्या कागदात आणि खऱ्या टंचात फरक असा निघाला: तोड्यांत 135 ग्रॅम चोख चांदी कमी, साखळ्यांत 39, युद्धकाळच्या अकरा रुपयांत 54, सरीत मात्र 9 ग्रॅम अधिक. एकंदर सुमारे 220 ग्रॅम. रुपयांत ते किती होतात हे मुद्दाम लिहीत नाही. चांदीचा भाव हे पान छापून येईतो बदललेला असेल. पण दोन्ही भावांनी बहिणीला द्यावयाच्या रोख रकमेत तो फरक लहान नव्हता. बहीण पुन्हा ‘राहू द्या’ म्हणाली. या वेळी थोरल्यानेच ऐकले नाही.

ही हकीकत आत्ताच लिहावी असे वाटण्याला बँकेतले एक कारणही आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जून 2025 रोजी सोने-चांदीच्या तारणावरील कर्जाचे नवे निर्देश काढले. त्यांच्या अंमलबजावणीची अंतिम तारीख 1 एप्रिल 2026 ठरवली. त्यांत चांदीचे दागिने आणि नाणी तारण घेण्याची स्पष्ट व्यवस्था आहे: एका कर्जदाराकडून दागिने 10 किलोपर्यंत, नाणी 500 ग्रॅमपर्यंत. तपासणी कर्जदाराच्या समोर व्हावी असेही म्हटले आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. चांदी हे ज्यांच्याकडे सोने नाही त्यांचे सोने. एखादी बाई पायांतले काढून शाखेच्या टेबलावर ठेवील, तेव्हा तिच्यासमोर कसोटीची रेघ ओढली जाईल किंवा यंत्राचा पडदा दाखवला जाईल. प्रत्येक साखळीसाठी शाखेने ब्युरेट मांडावे असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही, आणि अर्धा ग्रॅम विरघळवायला कोणी तयारही होणार नाही. पण जेथे आकड्यावरून मतभेद होतील, विशेषतः भरीव आणि पुष्कळ झाळीच्या दागिन्यांत, तेथे द्रावणातली तपासणी मागता येते, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. मोठी रक्कम अडकणार असेल, घरातली वाटणी असेल, मंदिराच्या भांडारातली जुनी चांदी मोडायची असेल, तर तपासणी केंद्रातून अनुमापनाचा लेखी आकडा घ्यावा. नमुना कोठून घेतला ते त्यावर लिहून घ्यावे. आणि वरचा कीस टाकून आतला घेतला आहे याची खात्री स्वतः उभे राहून करावी.

विरघळलेल्या चांदीचे काय झाले, असे बहिणीने सरांना विचारले होते. सरांनी चंबूंतला पांढरा साका गाळून, धुऊन, वाळवून एका लहान बाटलीत भरून दिला. म्हणाले, “चांदी यातच आहे, कोठे गेली नाही. उजेडात ठेवू नका, काळवंडेल.” ती बाटली तिने तोड्यांच्या डब्यात ठेवली. सरी तिने थोरल्या वहिनीच्या गळ्यात घातली आणि तेवढी रक्कम आपल्या खात्यावरून कमी करायला लावली. म्हणून कागद तिसऱ्यांदा लिहावा लागला. या वेळी प्रत्येक जिनसेपुढे तिचा टंच वेगळा आहे, आणि तोड्यांपुढे कंसात काकांच्या वहीचे पान.